डाव्या पिळाची गोळी

१

धुके विरायला लागले तेव्हा कस्टम चौकीच्या पायरीवर तिथला शिपाई सत्यवान बसलेला दिसला. डोक्यावरून कांबळे, पाठ खांबाला टेकलेली, हात मांडीवर. कोवळे ऊन घेता घेता माणसाचा डोळा लागावा, तसा. किनाऱ्याकडे निघालेल्या बायकांपैकी एकीने लांबूनच हाक मारली, "सत्यवाना, च्या घेतलंस रे?"

उत्तर आले नाही. जवळ गेल्यावर दिसले, की कांबळ्याला छातीपाशी एक भोक आहे. मागच्या दारालाही भोके होती आणि दाराच्या फटीतून मीठ सांडून पायरीवर आले होते. आत जप्तीच्या मिठाची पोती होती, ती फुटली होती. पांढऱ्या मिठाची एक बारीक धार अजूनही सुळसुळत होती. त्या सकाळी तेवढाच काय तो आवाज.

एकोणीसशे एकसष्टचा डिसेंबर. आडबंदरच्या खाडीचा अलीकडचा काठ रत्नागिरी जिल्ह्यात, पलीकडचा फिरंग्याच्या गोव्यात. त्या पहाटे आपली फौज दुसऱ्याच वाटांनी गोव्यात शिरली होती. पलीकडच्या ठाण्यातले फिरंगी शिपाई दुपारपर्यंत पळाले आणि दुसऱ्या दिवशी रेडिओने सांगितले, की लढाई संपली. गावाला सगळे झोपेत ऐकल्यासारखे वाटले. लढाई खरोखर झाली याच्या दोनच खुणा आडबंदरात उरल्या. मसुऱ्याहून नोकरीला आलेला सत्यवान गेला, आणि होडीने माणसे खाडीपार नेणारा तरवाला धोंडू वेंगुर्ल्याच्या कोठडीत जाऊन पडला.

धोंडूवर आळ असा, की पहाटेच्या धुक्यात त्याने आपल्या होडीतून फिरंग्यांना अलीकडे आणले. त्यांनी चौकीवर गोळ्या झाडल्या आणि त्याच होडीतून ते परत गेले. होडी पलीकडच्या काठाला लागलेली सापडली होती. धोंडूची बहीण पलीकडे दिलेली होती. गावाला एवढे पुरले.

शनिवारी सकाळी फौजदार भाईंच्या ओटीवर आले. भाई म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले हवालदार, गावच्या रक्षक दलाचे प्रमुख. पण फौजदारांना भेटायचे होते ते त्यांच्या भाचीला. कावेरी कोल्हापूरला रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली होती, मामांकडे राहून जवळच्या हायस्कुलात शास्त्र शिकवत होती.

फौजदारांनी रुमालाची गाठ सोडली. आत पितळेची रिकामी काडतुसे होती.

"बाई, ही चौकीखालच्या वाळूत सापडली. कुठल्या बंदुकीची, कुठल्या देशाची, ते नीट लिहून वर पाठवायचंय. तज्ज्ञ मुंबईला. ते येईपर्यंत आंबे पिकतील. तुमच्याकडे शाळेचं भिंग आहे म्हणे?"

"आहे," कावेरी म्हणाली. "पण बंदुकीतलं मला काही कळत नाही."

"बरंच झालं. ज्यांना कळतं त्यांनी बघायच्या आधीच सांगून टाकलंय."

२

भिंगाखाली काडतुसाच्या बुडावरची अक्षरे लख्ख उमटली. पोर्तुगीज अक्षरे, कारखान्याची खूण, साल. भाईंनी आपले एक काडतूस शेजारी ठेवले तेव्हा फरक नुसत्या डोळ्यांनाही दिसला. आपल्या थ्री-नॉट-थ्री रायफलीच्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते. ह्यांना कड नव्हती, नुसती कोरलेली खाच होती.

"माऊझर," भाई म्हणाले. "जर्मन जातीची. फिरंग्यांकडे तीच. झाला तुझा काम, कावेरी!"

काम झाले होते खरे. पण कावेरीचा हात काडतुसावरून हलेना. दारू जळाल्यावर काजळी उरते. या काडतुसांच्या तोंडाशी काजळीचा मागमूस नव्हता. पितळेचा पिवळा रंगही नीट पिवळा नव्हता. त्यावर एक गुलाबी झाक होती, संध्याकाळी खाडीच्या पाण्यावर येते तशी. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. त्याला आंबट काही लागले, की वरचे जस्त निघून जाते आणि तांब्याचा रंग वर येतो.

चार दिवस खाऱ्या वाळूत पडलेल्या पितळेवर हिरवा गंज चढायला हवा होता.

तिने हे मनाशी ठेवले. अर्धी गोष्ट बोलायची तिला सवय नव्हती.

दुपारी मागीलदारी यशोदा आली. धोंडूची बायको. विहिरीवर तिच्यासाठी कुणी कळशी बाजूला घेत नव्हते, म्हणून ती भर उन्हाची, कुणी नसेल अशा वेळी पाण्याला निघे.

"बाय, तू फौजदारांचा काम करतंस म्हणान इलंय," ती उंबऱ्याबाहेरच उभी राहून म्हणाली. "सोमवारी तेंका रत्नागिरीक नेतले. फिरंग्यांचो माणूस म्हणान लिवन घेतल्यानी तर संपलाच. माझो घोव त्या पहाटे घरात घोरत होतो गो. पण बायलेची साक्ष कोण धरता?"

"मगे होडी पलीकडे कशी गेली?"

"सुटली असतली. भरती लागलेली. होडी सुटली म्हणान माणूस सुटता काय?" यशोदाने डोळे पुसले आणि एकदम रागावली. "आणि फिरंगी येवन मीठ फोडून गेले? तेंच्याकडे मीठ नाय काय?"

तो प्रश्न कावेरीला फौजदारांच्या सगळ्या प्रश्नांहून शहाणा वाटला. माणसे जीव धोक्यात घालून खाडी ओलांडतात, एका शिपायावर आणि मिठाच्या पोत्यांवर गोळ्या झाडतात आणि काही न नेता, काही न जाळता परत जातात. कशासाठी?

"यशोदावयनी," तिने विचारले, "ते मीठ मगे खंय गेला?"

३

आधी ती अप्पांकडे गेली. अप्पा चौकीचे निवृत्त जमादार. धोंडूवर पहिले बोट त्यांनीच ठेवले होते, आणि गावात रक्षक दलाबाहेर बंदूक होती ती एकट्या त्यांच्याकडे. अप्पा झोपाळ्यावर बसून सुपारी कातरत होते.

"मी ऐकलंय ना माझ्या कानांनी," ते म्हणाले. "धुक्यात पोर्तुगीज बोलत होते."

"काय बोलत होते, अप्पा?"

"तां माका कसा कळतला? पोर्तुगीज तां!"

"मगे पोर्तुगीज होता ह्यां कशावरून?"

"कळला नाय म्हणानच!" अप्पांनी विजयी मुद्रेने सुपारी तोंडात टाकली. त्यांनी बंदूकही आनंदाने दाखवली. दुनळी, डुकरांच्या शिकारीची. नळीत कावेरीचा अंगठा सहज गेला. त्या बंदुकीच्या छऱ्यांनी दाराची चाळणी झाली असती, एकेकटी भोके नव्हे. अप्पा सुटले. फक्त त्यांना ते ठाऊक नव्हते.

मीठ सापडले हौसाबाईच्या खळ्यात. फुटलेल्या पोत्यांचे मीठ चौकीवाल्यांनी बाहेर काढून टाकले होते आणि बायकांनी ते बांगडा खारवायला उचलून आणले होते. हौसाबाई गावच्या रापणीतली, म्हणजे किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढणाऱ्यांतली, जुनी बाई. तिच्या अंगणात रापणीचे जाळे एवढे मोठे पसरलेले होते, की त्याच्या कडेने चालताना कावेरीला आपण पाण्यावरून चालतो आहोत असे वाटले.

"मावशे, ह्या मिठात काय गावला काय तुका?"

"गावला तर. गोळये गावले." हौसाबाई सुतळी ओढता ओढता म्हणाली. "शिसां होता तेंच्यात. रापणीक शिसां व्हया म्हणान वितळवलंय."

कावेरीने अंगणातल्या जाळ्याकडे पाहिले. रापणीच्या जाळ्याची खालची कड समुद्राच्या तळाला टेकून राहायला हवी, म्हणून तिला शिशाच्या गोट्या ओवतात. या किनाऱ्यावर शिसे दिसले, की ते कुठून आले हे कुणी विचारीत नाही. ते चुलीवर जाते. माणसाला मारलेल्या गोळ्या आता जाळ्याला लागल्या होत्या आणि काल सकाळी त्यांनी मासेही धरून आणले होते.

"सगळा वितळला?"

"शिसां वितळला. वरची टोपी वितळली नाय मेली. पाठीमागून शिसां गळून गेला आणि टोपी तशीच. बग, करवंटीत टाकलंय. भंगारवाल्याक देतलंय."

करवंटीत शिशाच्या चुऱ्याबरोबर तीन लहान, टोकदार, रिकाम्या टोप्या होत्या. गोळीचे वरचे कवच. दारातून जाऊन मऊ मिठात रुतल्याने त्यांचा आकार जवळजवळ शाबूत होता. कावेरीने एक उचलून उन्हात धरली.

कवचावर खाचा होत्या. तिरक्या. बंदुकीच्या नळीने जाता जाता कोरलेल्या.

४

नळीच्या आत पीळ असतो, हे भाईंनीच तिला लहानपणी सांगितले होते. गोळी त्यातून फिरत बाहेर पडते म्हणून सरळ जाते. पण कुठल्या बंदुकीत पीळ कसा, हे तिला ठाऊक नव्हते आणि भाईंनीही कधी मोजले नव्हते. जे ठाऊक नाही ते बघावे, इतके सोपे होते.

रविवारी सकाळी फौजदारांनी पलीकडच्या ठाण्यात सापडलेली फिरंगी माऊझर आणून दिली. हौसाबाईकडून कावेरीने शिशाच्या गोट्या आणल्या. ओटीवर पोते अंथरले. गोटीला खोबरेल लावले, ती नळीच्या तोंडावर ठेवली आणि लाकडी हातोडीने ठोकून आत घातली. मग गज लावून हळूहळू ढकलत नेली. मऊ शिसे नळीचा आतला आकार घेत घेत दुसऱ्या टोकाला पोत्यावर पडले.

फौजदार चहाचा कप हातात धरून बघत राहिले. बाहेर नारळीच्या झावळ्यांची सावली अंगणात पाण्यासारखी हलत होती.

"काथ्याचा सुंभ बघा," कावेरी म्हणाली. "कुणी उजवीकडे वळतं, कुणी डावीकडे. सुंभ हातात घेतला की वळणाऱ्याचा हात कळतो. ह्या माऊझरचा पीळ उजवा. चार खाचा, चारही उजवीकडे झुकलेल्या."

"बरं."

"आता मामांची." भाईंनी स्वतःच आपली रायफल पुढे केली. बंदुकीवर बंगालातल्या ईशापूरच्या कारखान्याचा शिक्का होता. शिशाची दुसरी गोटी बाहेर पडली. "पाच खाचा. आणि पीळ डावा."

तिने तिसऱ्या बाजूला हौसाबाईची टोपी ठेवली. टोपीवरच्या खाचा डावीकडे झुकलेल्या होत्या.

फौजदारांनी कप खाली ठेवला. "म्हणजे काडतुसं फिरंग्याची, आणि गोळी..."

"गोळी फिरंग्याची नाही. ह्या काडतुसांतून ती सुटलेलीच नाही. ही काडतुसं नंतर कुणीतरी आणून टाकली."

"पण रक्षक दलानेही गोळ्या झाडल्या होत्या ना त्या पहाटे? भाई, तुम्ही तसं लिहून दिलंय."

"होय," भाई म्हणाले. "पण आमी खाडीकडे झाडलंव. होडीचो आवाज इलो तिकडे."

"मग चौकीच्या मिठात गोळ्या कशा आल्या? चौकी काठाच्या वर आहे. खाडीकडे झाडलेली गोळी मागे वळत नाही," फौजदार शांतपणे म्हणाले. "दलाची दुसरी रायफल कुणाकडे?"

"माझ्या झिलाकडे, विश्रामाकडे. तो रेडीच्या खाणीत गेलाहा कामाक, बंदूक घेवन. सांजेक येतलो."

भाईंचा आवाज स्थिर होता. कावेरी टोपीकडे बघत होती. पीळ डावा, हे जमले. पण खाचा पाच नव्हत्या. दोनच होत्या, रुंद, समोरासमोर. बाकीच्या मिठाने घासल्या गेल्या असतील, असे तिने स्वतःला सांगितले आणि तिला तिचेच पटले नाही.

५

फौजदार संध्याकाळी परत येतो म्हणून गेले. कावेरी स्वयंपाकघरात पाणी प्यायला आली. सुभद्रामामी मोरीपाशी बसून समई घासत होती. शेजारी वाडग्यात भिजवलेली आमसुले होती, त्यांचे लाल पाणी तिच्या कोपरापर्यंत आले होते. घासून झालेला एक तांब्या दाराच्या उन्हात उपडा घातला होता. त्यावर गुलाबी झाक होती.

कावेरी त्या तांब्याकडे बघत उभी राहिली. या किनाऱ्यावर कुठल्या घरात पितळ आमसुलाने घासत नाहीत? यावरून काहीच सिद्ध होत नाही. तिने मनात तसे वाक्य करून बघितले आणि तरीही तिच्या तोंडून प्रश्न गेला.

"मामी, तू बारकी पितळेची नळकांडी घासलंस काय, ह्या आठवड्यात?"

"घासलंय तर!" मामी हसली. "ह्यांच्या सदऱ्याच्या खिशात गावली. पलीकडच्या ठाण्यात सगळो गाव बघूक गेललो ना, थंयसून आणल्यानी असतली. धूर लागून काळी झालेली. पितळ दिसला की माझो हात ऱ्हवणा नाय. देवाच्या भांड्यांबरोबर घासून ताटात सुकत घातलंय. सकाळी बघतंय तर नाय. मी म्हटलंय, पोरांनी नेली."

मामीला काहीच कळले नव्हते. समई तिच्या हातात लखलखत होती.

कावेरी ओटीवर आली तेव्हा भाई अजून तिथेच होते. त्यांनी आतले बोलणे ऐकले होते, हे त्यांच्या बसण्यावरून दिसत होते. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, परेडला उभे असल्यासारखे बसणे.

"काडतुसा मी टाकलंय," ते म्हणाले. "होडीही मीच सोडलंय. आणि गोळीही माझीच, कावेरी. सत्यवानाक चौकी सोडून शाळेत निजाक सांगितलेला. चौकी रिकामी, अशी माझी समजूत. पहाटे बघतंय तर धुक्यात डोक्यावरसून पांघरलेलो माणूस. फिरंगी थंडीत तसेच टोपरां घालून फिरत. झाडलंय. जवळ गेलंय तर आपलोच पोर. कांबळां विसरल्यान म्हणान परत इललो."

कावेरीने खाडीकडे पाहिले.

"आणि धोंडू?" कावेरीने विचारले.

"त्या वक्ताक धोंडू माझ्या मनातच नाय इलो गो. होडी दिसली, दोर सोडलंय. फिरंगी इले म्हणजे होडी व्हयी, एवढांच. मगे अप्पान बोट दाखवल्यान आणि गाव तेच्या पाठसून गेलो. मी सोमवारची वाट बघीत होतंय. कायतरी होतला, सुटतलो, असा वाटत होता." भाईंनी तिच्याकडे पाहिले. "फौजदार येवदेत. मी सांगतंय तेंका. तू लिव. धोंडू घराक येतलो."

सगळे जुळत होते. काडतुसे, आमसूल, होडी, डावा पीळ. धोंडू सुटत होता. कावेरीने फक्त गप्प बसायचे होते.

तिने करवंटीतली टोपी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. शेजारी त्यांच्या रायफलीतून निघालेले शिसे ठेवले.

"मामा, तुमच्या नळीत पाच खाचा आसत. ह्या गोळीवर दोनच."

भाईंनी बघितलेच नाही. "मिठात घासल्यो असतल्यो."

"तिन्ही टोप्यांवर? तिन्हींवर त्याच तीन घासल्यो?"

"तुका धोंडू सुटाक व्हयो ना?" भाईंचा आवाज पहिल्यांदाच चढला. "सुटता ना तो? मगे मोजतंस कित्याक?"

"बाबा, पुरे झाला," अंगणातून कुणीतरी म्हणाले.

६

विश्राम रेडीहून लौकर परतला होता. त्याच्या पायांवर लोहखनिजाची लाल धूळ होती आणि खांद्यावर रायफल. वीस-एकवीस वर्षांचा उंच पोर. कावेरीच्या ध्यानात आले, की लढाईनंतर तिने त्याचा आवाजच ऐकला नव्हता.

त्याने रायफल खांद्यावरून उतरवली आणि तिच्यापुढे धरली. "घाल शिसां."

"नको घालूस," भाई म्हणाले. आता तो हवालदाराचा आवाज नव्हता.

"घाल गो."

त्याने पोत्यावर बसून नळी स्वतःच दोन्ही हातांत धरली. कावेरीने गोटीला खोबरेल लावले. हातोडीचे ठोके दुपारच्या अंगणात दूर दूर जाऊन परत येत होते. गज आत जाताना तिच्या हाताला या नळीचा स्पर्श वेगळा लागला. मामांच्या रायफलीत शिसे ठिकठिकाणी अडत गेले होते. इथे ते जणू दोनच बोटांनी धरलेले होते.

गोटी पोत्यावर पडली. दोन रुंद खाचा, समोरासमोर, डावीकडे झुकलेल्या.

रायफलीच्या बाजूवर बारीक इंग्रजी अक्षरे होती. महायुद्धात कॅनडात झालेली बंदूक. घाईचे दिवस होते ते. पाच खाचा कापायला वेळ लागतो, म्हणून कुणीतरी दोनच कापल्या, आणि ती नळी समुद्र ओलांडून, हात बदलत, या खाडीवर आली होती. एका काठावर जर्मन जातीची बंदूक, दुसऱ्यावर ईशापूरची आणि कॅनडाची. आडबंदरचे त्यात काय होते? कावेरीच्या मनात आले, इथले म्हणावे असे धुके तेवढे होते, आणि मीठ.

"मी हाक मारलंय," विश्राम म्हणाला. तो बापाशी बोलत नव्हता, कावेरीशीही नव्हता. "'कोण तां' म्हणान ओरडलंय. तेणां तोंड वळवल्यान. कांबळ्यात कान झाकलेले, शब्द नीट ऐकूक इले नाय असतले. माका वाटला, बंदूक उचलता. मगे बोट थांबलाच नाय. सगळा पांढरा होता कावेरी. मी सपनात झाडतंय असा वाटत होता. तो खाली बसलो तेव्हाही माका वाटला, आता उठतलो."

"मी सांगितलंय तेका गप ऱ्हव म्हणान," भाई म्हणाले. "एकुलतो एक झील. मी म्हातारो. माझा काय?"

"तुमी माझी गोळी घेतलास. आणि धोंडूकाकाची कोठडी? ती कोण घेतलो?"

आत मोरीवर पाण्याचा आवाज थांबला होता. सुभद्रामामी दाराच्या चौकटीला धरून उभी होती, लाल हात पदरात गुंडाळून. तिने भाचीकडे पाहिले. त्या नजरेत राग होता की नाही, हे कावेरीला ठरवता आले नाही. मोजण्यासारखे त्यात काही नव्हते.

"अहवालात मी काय लिहू?" तिने विचारले.

"जां दिसला तां लिव," विश्राम म्हणाला. "तुका दुसरा कायएक जमता खंय?"

तो किंचित हसला. मग त्याने विहिरीवर जाऊन पाय धुतले, आत जाऊन सदरा बदलला आणि फौजदार यायच्या आधीच ओटीच्या पायरीवर येऊन बसला.

७

सोमवारी जीप आली ती वेंगुर्ल्याहून धोंडूला घेऊन. भाई आणि विश्राम देवळापाशी उभे होते, शेजारी विश्रामचे कोठडीत न्यायचे गाठोडे. भाईंनी खोटे पुरावे ठेवल्याचे लिहून दिले होते. फौजदार कावेरीला म्हणाले होते, की धुक्यातली गोळी आहे, कोर्ट ते ध्यानात घेईल. पण किती, ते त्यांनी सांगितले नव्हते.

देवळापुढे सगळा गाव जमला होता. अप्पा मागच्या बाजूला कुणाच्या तरी आड उभे होते.

धोंडू उतरला. दाढी वाढलेली, डोळे उन्हाला सरावलेले नाहीत. यशोदा पुढे धावली आणि एका हाताच्या अंतरावर येऊन थांबली, लोकांसमोर पुढे काय करायचे ते न कळून.

भाई चालत त्याच्यापुढे गेले. "धोंडू, होडी मी सोडलेलंय."

"सांगल्यानी माका फौजदारांनी." धोंडूने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "भरतीक सोडलंस म्हणान वरती जावन लागली. सुकतीक सोडतंस तर समुद्रात जाती. मगे माझ्या पोरांनी काय तुझी हवालदारकी खाल्ली असती?"

"चुकलंय मी."

"चुकलंस तर!" धोंडू ओरडला. एवढेच. त्याने तोंड फिरवले, आणि तेव्हा त्याला विश्राम दिसला.

विश्राम जीपपाशी जाऊन उभा होता. आदल्या दुपारपासून तो रडला नव्हता. आईने कपाळाला अंगारा लावला तेव्हाही नाही. तो धोंडूकडे बघत नव्हता, जीपच्या चाकाकडे बघत होता.

धोंडू त्याच्याजवळ गेला. कावेरीलाही वाटले, आता हा हात उचलणार, आणि उचलला तर कुणी अडवू नये.

"थंय कोठडीत दोन खोल्यो आसत," धोंडू खालच्या आवाजात म्हणाला. "मोरीकडची देवक लागले तर नको म्हण. रातभर पाणी गळता, झोप नाय लागाची."

विश्रामने मान हलवली.

"शीत कच्चां देतत. चावून खा, नायतर पोट धरता. आणि पयले दोन दिवस सगळे येवन तेंच तें इचारतत. राग नको धरू. खरा तां परत परत सांगाक सोपा असता. माका थंय तेवढोच आधार होतो."

विश्राम जीपच्या पायरीवर बसला. त्याचे खांदे हलू लागले. आवाज आला नाही, मग आला. ड्रायव्हरने इंजिन सुरू केले होते. फौजदारांनी हात वर करून त्याला ते बंद करायला लावले आणि तोंड खाडीकडे करून उभे राहिले.